इथला निरोप इथेच

सोमवार, ३० ऑक्टोबर २०२३. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला त्या दिवशी बीड जिल्ह्यात हिंसक वळण लागलं. माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचं घर जाळण्यात आलं, बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांच्या घराला आग लावण्यात आली. संचारबंदी लागू झाली आणि जिल्ह्यातली इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. देशाला हा अनुभव नवा नव्हता. ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात भारतात ११६ वेळा कुठे ना कुठे इंटरनेट बंद केलं गेलं.

इंटरनेट बंद झालं की पैसे पाठवणं थांबतं, अर्ज भरणं थांबतं, बातम्या थांबतात. यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला इथे एका लहानशा गोष्टीबद्दल सांगायचं आहे, जी खरं तर थांबायचं काहीच कारण नसतं. ती म्हणजे एकाच इमारतीतल्या दोन माणसांमधला निरोप.

अंबाजोगाईसारख्या गावातलं एखादं मोठं रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. अपघात विभागातली परिचारिका रक्तपेढीला विचारते, ‘ओ निगेटिव्ह आहे का?’ दोन्हीकडचे फोन एकाच वायफायवर आहेत आणि दोन खोल्यांमध्ये एक लांब व्हरांडा आहे. पण हा प्रश्न व्हरांड्यातून जात नाही. तो राउटरमधून बाहेर पडतो, दूरसंचार कंपनीच्या केबलने जिल्ह्याबाहेर जातो, व्हॉट्सॲप चालवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर पोहोचतो आणि तिथून उलटा फिरून रक्तपेढीच्या टेबलावर येतो. एरवी हे सगळं क्षणात होतं, म्हणून जाणवत नाही. पण जिल्ह्याची वेस ओलांडणारा तो एक धागा तुटला, की व्हरांड्याच्या दोन टोकांचाही संबंध तुटतो. बरं, धागा फक्त सरकारी आदेशानेच तुटतो असं नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर उखडली तरी तेच होतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला तर कंपनीच्याच आतल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. तेव्हा बाकीचं इंटरनेट ठणठणीत होतं आणि तरीही निरोप जात नव्हते.

यावरचा उपाय जुना आहे, जवळजवळ फुकट आहे आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात उभा करता येतो. निरोप पोहोचवणारा सर्व्हरच इमारतीच्या आत ठेवायचा.

असा सर्व्हर म्हणजे वेगळं काही यंत्र नसतं. ऑफिसात नवा संगणक आल्यावर कोपऱ्यात सरकवलेला जुना संगणक पुरतो. त्यावर लिनक्स टाकायचं आणि लिनक्सवर निरोपांची देवाणघेवाण करणारा एक प्रोग्रॅम चालू ठेवायचा. असे प्रोग्रॅम अनेक आहेत. मॅटरमोस्ट, रॉकेट चॅट, झुलिप हे मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांना शोभतील असे, भरपूर सोयींचे आणि भरपूर मेमरी मागणारे. २०१४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिक्स ही पद्धत सरकारांनी उचलली. फ्रान्स सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांची संदेशसेवा तिच्यावर उभारली, जर्मन सैन्यदलाचा संदेशवाहकही तिच्यावरच चालतो. पण मॅट्रिक्सचा सिनॅप्स नावाचा सर्व्हर बाहेरच्या मोठ्या गटांशी जोडला की जुन्या संगणकाला धाप लागते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरच्या संदर्भात ज्या १४ संदेश-ॲपवर बंदी घातली, त्यांत मॅट्रिक्सचं सर्वांत प्रचलित ॲप एलिमेंटही होतं.

म्हणून मी एक्सएमपीपी या दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे. जेरेमी मिलर या अमेरिकी तरुणाने जानेवारी १९९९ मध्ये जॅबर नावाने ही पद्धत जाहीर केली आणि २००४ मध्ये तिला इंटरनेटच्या प्रस्तावित मानकाचा दर्जा मिळाला. व्हॉट्सॲपसुद्धा सुरुवातीला याच पद्धतीच्या इजॅबरडी नावाच्या मुक्त सर्व्हरवर उभं राहिलं आणि पुढे कंपनीने ते आपल्या गरजेप्रमाणे पार बदलून घेतलं. थोडक्यात, ज्या पायावर ती अवाढव्य सेवा उभारली गेली, तो पाया आजही कुणालाही उचलून आपल्या कपाटात ठेवता येतो. पत्ता ईमेलसारखाच असतो: आधी माणसाचं नाव, मग सर्व्हरचं नाव. या पद्धतीचा प्रोसोडी हा सर्व्हर इतका हलका आहे की शेदोनशे माणसांच्या संस्थेचं काम तो जुन्या संगणकावर सहज निभावतो.

बसवणं सोपं आहे. डेबियन हे लिनक्स घ्या, खिडक्या-चित्रांचा डेस्कटॉप टाकू नका, एका आज्ञेत प्रोसोडी बसतो. त्याची सगळी मांडणी एकाच फाइलीत असते. तिच्यात सर्व्हरचं नाव लिहायचं, व्यवस्थापक कोण ते लिहायचं आणि हवे ते विभाग चालू करायचे. त्यांतले चार मला अत्यावश्यक वाटतात. पहिला जुने निरोप साठवतो, म्हणजे फोन बंद असताना आलेलं नंतर वाचता येतं. दुसरा एकाच माणसाच्या फोनवर आणि संगणकावर तोच संवाद दाखवतो. तिसरा वायफाय क्षणभर गेलं तरी निरोप हरवू देत नाही. जाड दगडी भिंतींच्या इमारतीत व्हरांड्याच्या वळणावर वायफाय हमखास जातं, त्यामुळे याचं मोल मोठं. चौथा म्हणजे गटांच्या खोल्या. फोटो आणि आवाजी निरोप पाठवायचे तर फाइल साठवणारा विभागही लागतो. मुळात तो दहा एमबीपर्यंतची फाइल घेतो आणि आठवड्याने पुसतो. बहुतेक कामांना हे पुरतं.

नावनोंदणी मात्र बंदच ठेवायची. प्रोसोडीत ती मुळातच बंद असते, ती उघडायच्या मोहात पडू नये. माणूस नोकरीवर आला की व्यवस्थापकाने एका आज्ञेने त्याचं खातं उघडायचं आणि सोडून गेला की त्याच दिवशी बंद करायचं. अनोळखी माणूस आत येऊच शकत नाही, हा या सर्व्हरचा सर्वांत मोठा गुण आहे. इंटरनेट बंद करताना प्रशासनाला धास्ती असते ती अफवांची, एका माणसाने हजार अनोळखी माणसांना पुढे ढकललेल्या व्हिडिओची. इथे प्रत्येक खात्यामागे हजेरीपटावरचा एक माणूस उभा असतो.

कायद्याचं थोडं स्पष्ट सांगायला हवं. २०२३ मध्ये इंटरनेट बंदीचे आदेश २०१७ च्या नियमांनुसार निघत, २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. असा आदेश दूरसंचार सेवा देणाऱ्या कंपन्यांना बजावला जातो. रुग्णालयाच्या दोन खोल्यांमधली स्वतःची तार ही त्या कंपन्यांची सेवा नव्हे. त्यामुळे हा आदेशाला फाटा देण्याचा मार्ग नाही आणि तसा वापरूही नये. जिल्ह्याबाहेर निरोप नेणारी चोरवाट हवी असेल, तर हा सर्व्हर त्यासाठी नाही.

इथपर्यंतचं काम एका दुपारचं आहे. खरी कसोटी पुढे आहे, आणि लिनक्सवर सर्व्हर बसवायला शिकवणारी बहुतेक पुस्तकं नेमकी तिथे थांबतात, कारण ती अशा ठिकाणी लिहिलेली असतात जिथे वीज जात नाही आणि इंटरनेट बंद होत नाही.

आधी नावाचं पाहू. फोनला सर्व्हर सापडतो तो नावावरून आणि नावाचा आकडी पत्ता सांगतो डीएनएस. हा डीएनएस बाहेर असतो. म्हणजे इंटरनेट गेलं की सर्व्हर शेजारच्या खोलीत चालू असूनही फोन म्हणतो, ‘सर्व्हर सापडत नाही.’ यंत्र जिवंत, तारा शाबूत, पण पत्ता सांगणारा कुणी नाही. २०२१ च्या त्या सहा तासांत फेसबुकचंही काही अंशी हेच झालं होतं. त्यांचे पत्ते सांगणारे डीएनएस सर्व्हरच जगाला दिसेनासे झाले होते. उपाय असा, की आपल्याच लिनक्स यंत्रावर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवायचा. त्याला सांगून ठेवायचं, की या नावाचा पत्ता आतला, समजा १९२.१६८.१.१०, आणि बाकीच्या नावांसाठी बाहेर विचार. मग राउटरमध्ये बदल करून इमारतीतल्या प्रत्येक फोनला पत्ते विचारायला याच यंत्राकडे पाठवायचं. यंत्राचा आकडी पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवायला विसरू नये. अँड्रॉइड फोनांत ‘खासगी डीएनएस’ नावाची एक सेटिंग असते. तिथे कुणी बाहेरच्या सेवेचं नाव टाकलेलं असेल, तर तो फोन आपल्या यंत्राला काही विचारतच नाही. शंभर फोनांत असे दोन-चार निघतातच.

मग प्रमाणपत्र. फोन आणि सर्व्हर यांच्यातला संवाद कुलूपबंद राहावा आणि समोरचा सर्व्हर खराच आहे हे फोनला पटावं, यासाठी सर्व्हरकडे एक डिजिटल प्रमाणपत्र लागतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते फुकट देते, आजवरची त्याची नेहमीची मुदत ९० दिवसांची. त्यासाठी नाव मात्र रीतसर विकत घेतलेलं हवं, मनाने ठरवलेलं चालत नाही. सर्व्हर इमारतीबाहेरून दिसत नसला तरी डीएनएसच्या नोंदीतून मालकी सिद्ध करून प्रमाणपत्र घेता येतं. नूतनीकरण मुदत संपायच्या एक महिना आधी आपोआप होईल असं लावून ठेवा. मग चार-आठ दिवस इंटरनेट नसलं तरी कुलूप शाबूत राहतं. नवं प्रमाणपत्र आलं की ते प्रोसोडीच्या हातात देणारी एक ओळही त्याच वेळी लिहून ठेवायची, नाहीतर यंत्रावर नवं प्रमाणपत्र पडून असतं आणि सर्व्हर जुनंच दाखवत बसतो.

वेळेची गोष्ट लोकांना क्षुल्लक वाटते. निरोपावर वेळ घालतो सर्व्हर. त्याचं घड्याळ चुकलं तर साठवणीतल्या निरोपांचा क्रम चुकतो आणि ‘डोस दिला’ हे ‘डोस द्या’च्या आधी दिसू शकतं. एरवी यंत्र इंटरनेटवरून घड्याळ लावून घेतं. इंटरनेट नसताना वीज जाऊन परत आली, तर ते घड्याळ कुठून आणणार? रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकांच्या जुन्या आवृत्त्यांत वीज गेल्यावर चालणारं घड्याळच नाही. पाचव्या आवृत्तीत ते आलं, पण त्याला वेगळी बॅटरी जोडावी लागते. जुन्या डेस्कटॉपच्या पाटीवर मात्र रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो आणि वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवतो. म्हणून या कामाला मी रास्पबेरी पायपेक्षा जुना डेस्कटॉप पसंत करतो. सेल तेवढा नवा टाकून घ्यावा. आपल्याकडे घड्याळाला कायद्याचाही आधार आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रांची घड्याळं राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) वेळेशी जुळवून ठेवायची असतात, १८० दिवसांच्या नोंदी जपायच्या असतात आणि घुसखोरी झाली तर सहा तासांत कळवायचं असतं. सर्व्हर मांडतानाच हे करून ठेवलेलं बरं.

आता वीज. परळीला औष्णिक वीज केंद्र असलेल्या या जिल्ह्यात भारनियमन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. सर्व्हरला इन्व्हर्टर जोडला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण निरोपाच्या वाटेवर राउटर असतो, स्विच असतो, प्रत्येक मजल्यावर वायफायचा डबा असतो. यांतला एक जरी बंद पडला तरी सर्व्हर एकटाच जागा राहतो. हे सगळे डबे मोजून, त्यांचा भार धरून इन्व्हर्टर घ्यावा. संगणकाच्या बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ अशी एक सेटिंग असते, ती चालू करावी. नाहीतर रात्री दोनला वीज येते आणि सर्व्हर सकाळी कुलूप उघडणाऱ्या माणसाची वाट पाहत बसतो.

फोनांचं प्रकरण सर्वांत नाजूक. अँड्रॉइडसाठी कॉन्व्हर्सेशन्स हे ॲप उत्तम. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारात ते फुकट मिळतं आणि मुख्य म्हणजे सर्व्हरशी स्वतःची तार सतत जोडून ठेवतं. बहुतेक ॲपमध्ये ‘नवा निरोप आला’ ही टिणटिण गूगलच्या यंत्रणेतून येते. इंटरनेट नसलं की ती येत नाही, निरोप मात्र गुपचूप येऊन पडलेला असतो. कॉन्व्हर्सेशन्सला त्या यंत्रणेची गरज नाही. आयफोनला आहे. तिथे मोनल नावाचं ॲप चांगलं आहे, पण ॲप मागे गेल्यावर त्याला जागं करण्याचं काम ॲपलच्याच सर्व्हरकडे असतं, म्हणून बंदीच्या काळात आयफोनवाल्यांनी ॲप उघडून पाहत राहावं लागतं. शिवाय वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन ते वायफाय सोडून मोबाइल डेटाकडे वळायला पाहतो. ‘इंटरनेट नसलं तरी या वायफायवर राहा’ हे प्रत्येक फोनला एकदा सांगून ठेवावं लागतं. हे काम यंत्राचं नाही, माणसांना एकेक करून समजावण्याचं आहे आणि सगळा वेळ त्यातच जातो.

गोपनीयतेबद्दल मला विशेष कळकळ आहे. ओमेमो नावाची पद्धत चालू केली की निरोपाचा मजकूर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या फोनांतच उघडतो, सर्व्हरला तो वाचता येत नाही. पण कोण कुणाशी, किती वाजता, किती वेळा बोललं हे सर्व्हर चालवणाऱ्याला कळू शकतं. दूरदेशीच्या कंपनीलाही ते कळतं, पण ती कंपनी तुमच्या गल्लीत राहत नाही. तालुक्याच्या गावात सर्व्हर सांभाळणारा माणूस तुमच्या ओळखीचा असतो, कधी नात्यातलाही. रात्री अकरानंतर कोणती दोन खाती एकमेकांशी बोलतात ही माहिती त्याच्या हाती असणं ही लहान गोष्ट नाही. म्हणून नोंदी कायद्याला लागतील तेवढ्याच ठेवाव्यात, निरोपांची साठवण प्रोसोडीच्या मूळ मुदतीइतकीच, म्हणजे एक आठवडा, असू द्यावी, यंत्राची किल्ली दोन जबाबदार माणसांच्या संमतीशिवाय वापरली जाऊ नये आणि हे नियम कागदावर लिहून सूचनाफलकावर लावावेत. पाळत ठेवण्यासाठी असा सर्व्हर उभारणाऱ्या संस्थाचालकाला मी मदत करणार नाही.

आणि जे इमारतीत नाहीत, जिल्ह्यातच नाहीत, त्यांचं काय? दसरा झाला की बीडमधून लाखो ऊसतोड मजूर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कोयत्याची जोडी कारखान्याच्या तळावर आणि मुलं गावात आजीकडे किंवा वसतिगृहात. त्यांच्यासाठी इमारतीतला सर्व्हर काहीही करू शकत नाही, कारण त्यांचा निरोप मुळातच जिल्ह्याची वेस ओलांडणारा आहे. त्यासाठी सर्व्हर इंटरनेटवर दिसायला हवा, आणि घरगुती किंवा मोबाइल जोडणीवर ते बहुधा जमत नाही. कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात, त्यामुळे बाहेरून कुणी तुमचं दार ठोठावू शकत नाही. मग मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्याने लिनक्स यंत्र घ्यावं लागतं. एक्सएमपीपीत दोन सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतात, तेव्हा रुग्णालयाचा आतला सर्व्हर आणि भाड्याचा बाहेरचा सर्व्हर जोडताही येतात. धागा तुटला तर बाहेर जाणारा निरोप ‘पोहोचला नाही’ असं सांगत परत येतो आणि आतले निरोप चालूच राहतात. तरी मजुरांच्या कुटुंबांना नवं ॲप शिकवण्यापेक्षा साधा फोन कॉल बरा, असं माझं मत आहे. प्रत्येक गरजेला सर्व्हर हे उत्तर नसतं.

राहिली देखभाल. सुरक्षेचे बदल आपोआप बसतील असं लावा. दुरून यंत्रात शिरायचं ते पासवर्डने नव्हे, किल्लीच्या फाइलीने. मांडणीची फाइल आणि साठवणीचं फोल्डर रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर सर्व्हर खरोखर उभा राहतो का ते पाहा. प्रोसोडीत स्वतःचीच तपासणी करणारी एक आज्ञा आहे. नाव, प्रमाणपत्र, मांडणी यांत कुठे गफलत असेल तर ती दाखवते.

हे सगळं झाल्यावर कामाच्या एखाद्या दिवशी, सगळ्यांना आधी सांगून, राउटरमध्ये बाहेरून येणारी केबल काढा. अर्धा तास तशीच राहू द्या. प्रत्येक विभागातून दुसऱ्या विभागाला एक निरोप आणि एक फोटो पाठवायला सांगा. मग मुख्य बटण बंद करून वीजही पाच मिनिटं घालवा आणि पुन्हा तेच करा. ज्या फोनांवर निरोप आला नाही त्यांची यादी करा. बहुतेक फोन खासगी डीएनएसवाले निघतील, काही वायफाय सोडून गेलेले, काही आयफोन. एखादा मजला अख्खा गप्प असेल, तर त्या मजल्यावरचा वायफायचा डबा इन्व्हर्टरवर घ्यायचा राहिला आहे.